अकरा दिवसांचं बोलणं

वाक्य कानात शिरणं आणि त्याचा अर्थ लागणं ह्या दोन गोष्टींच्या मध्ये आज काहीच घडलं नाही, हे ग्लेनिसच्या लक्षात आलं तेव्हा ती जेरार्दोच्या दुकानात रांगेत तिसरी उभी होती, आणि हातातल्या चिठ्ठीवर काय काय मागायचं ते तिने घरून सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं. एरवी एखादं वाक्य आलं की ती त्याला आधी धरायची, मग त्याचे तुकडे करायची, एकेक तुकडा इंग्रजीत नेऊन ठेवायची, आणि सगळे आपापल्या जागी बसेपर्यंत बोलणारं माणूस दुकानातून निघूनही गेलेलं असायचं. बासष्टाव्या वर्षी भाषा शिकायची म्हणजे असंच, वरातीमागून घोडं. पण आज वर टांगलेल्या चीजच्या गोळ्यांकडे ती उगाच बघत उभी होती, मन कुठेच नव्हतं, आणि मागून दोन बायकांचं बोलणं सरळ आत आलं. दार न वाजवता शेजारीण येते तसं.

"ही कोण गं?"

"ही होय? लिबेराताची इंग्रजीण. भावजय तिची. त्या दोनातोची बायको." हा आवाज लिबेराताच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एर्सिलियाचा होता.

"तिकडे इंग्लंडात वारला तो?"

"तोच. मरताना तोंडातून चकार शब्द निघाला नाही म्हणे बिचाऱ्याच्या. अकरा दिवस नुसता निजून. लिबेरा अजून सांगते आणि डोळे पुसते."

"हळू बोल की जरा. ऐकेल ती."

"ऐकू दे. कळायला नको? आठ महिने झाले, अजून पाव मागायला चिठ्ठी लागते."

दोघी हसल्या, त्यात वाईट काही नव्हतं. ग्लेनिसने मागे वळून पाहिलं नाही. तिचा नंबर आला. जेरार्दोने चाकू पुसत "बोला सिन्योरा!" म्हटलं, आणि तिने चिठ्ठी वाचून दाखवली, अगदी रोजच्यासारखी, अडखळत, मधल्या एका शब्दावर जेरार्दोने मान डोलावून धीर देईपर्यंत थांबून. आज अडखळायची गरज नव्हती हे तिला कळत होतं. पण न अडखळता बोलली असती तर मागच्या दोघींना समजलं असतं की हिने ऐकलं. पुडकं पिशवीत टाकून ती बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीला घाम सुटला होता. इटलीतल्या ह्या डोंगरावरच्या कांपोबास्सोत मे महिन्यातही सकाळी अंगावर लोकरीचं घालावं लागतं.

वरच्या गावाकडे जाणाऱ्या पायऱ्या सुरू होतात तिथल्या कठड्याशी ती थांबली. चकार शब्द निघाला नाही. हे वाक्य तिचंच होतं. तीन वर्षांपूर्वी तिनेच ते टेलिफोनवरून इंग्रजीत सांगितलं होतं, तूरिनला नोकरी करणाऱ्या लोरेदानाने, लिबेराताच्या मुलीने, ते इटालियनमध्ये आपल्या आईला सांगितलं, आईने शेजारणीला, आणि असं घरोघर फिरून, जरा मळून, जरा गोलाकार होऊन ते आज पहिल्यांदा तिच्याकडे परत आलं होतं. आणि तिला ते कळलं होतं. शिकवणाऱ्या ओर्नेल्लाने पहिल्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं, एक दिवस असा येईल की तुम्ही भाषांतर करायचं विसराल, त्या दिवशी पेढे वाटा. तिकडे पेढे नसतात, तिने बदामाची बिस्किटं म्हटलं होतं. पण भाव तोच. तो दिवस आज आला होता, आणि पहिलं जे समजलं ते आपलंच खोटं.

कारण दोनातो बोलला होता. झोप लागायची तेवढा वेळ सोडला तर अकराही दिवस बोलत होता. झटका आला तो इंग्लंडात, हल गावातल्या त्याच्या बेकरीत, पहाटेची भट्टी काढताना, आणि उजवं अंग जे गेलं ते गेलं. पण त्याच दुपारी हॉस्पिटलात डोळे उघडले तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज यायला लागला, आणि त्या आवाजात इंग्रजीचा एक कणही नव्हता. चौतीस वर्षं तो तिच्याशी तिच्या भाषेत बोलला होता. तिच्या गावात, तिच्या आईशी, गिऱ्हाइकांशी, बँकेतल्या माणसाशी. त्या भाषेत तो विनोद करायचा, भांडायचा, तिच्या भावाच्या मुलांना गोष्टी सांगायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. नंतर चढवलेला मजला आधी पडतो, पाया तेवढा राहतो. त्या पायाशी जी भाषा होती ती ग्लेनिसला येत नव्हती. लग्नानंतर एकदा तिने शिकायचं मनावर घेतलं होतं, पुस्तकही आणलं होतं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "तुला काय करायचंय शिकून? तिकडेही लोक हेच बोलतात, फक्त मोठ्याने." मग पुस्तक कुठल्या तरी फळीवर गेलं. तिला एकच शब्द येत होता, 'सी', म्हणजे हो. तो बोलायचा आणि खुर्ची पुढे ओढून, त्याचा हात धरून ती म्हणायची, हो. हो, दोनातो. हो, हो. अकरा दिवसांत तिने कशाकशाला होकार दिला ते देवालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी एक नर्स म्हणाली होती, वरच्या मजल्यावर एक डॉक्टर आहेत, इटालियन, बोलावू का? ग्लेनिस म्हणाली, नको, आम्हाला एकमेकांचं कळतं. हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं होतं. आणि रोज संध्याकाळी सात वाजता कांपोबास्सोहून फोन यायचा, मध्ये त्या दिवसांत आईकडे येऊन राहिलेली लोरेदाना, पलीकडे लिबेराताचा श्वास. आई विचारते आहे, मामा कसा आहे? आई म्हणते, त्याच्या कानाला फोन लावता का, ती नुसती त्याला हाक मारेल. त्या वेळी तो समोर बोलत असायचा. हातभर अंतरावर. ग्लेनिस फोनच्या तोंडावर तळवा ठेवून खोलीबाहेर जायची आणि म्हणायची, तो झोपलाय.

नऊ वेळा.

पायऱ्या चढताना हे सगळं काही ती नव्याने आठवत नव्हती. हे रोजचंच होतं. तिचा एक नेम होता. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, उठल्यावर, तोंड धुण्याआधी, कुणाशी एक शब्द बोलण्याआधी ती पलंगाच्या कडेला बसून डोळे मिटायची आणि त्याचं बोलणं ओठातल्या ओठात म्हणायची. शब्द नव्हे, शब्द तिला कुठे ठाऊक होते. नाद. शेवटाला वर उचलला जाणारा एक होता. घाटातून दगड गडगडत यावा तसा एक. एक मंगळवारी त्याने चार वेळा म्हटलेला, चौथ्यांदा अगदी दमून. असे सात-आठ. माणूस जपमाळ ओढतो तसे ती ते ओढायची, क्रमाने, एकही न गाळता, आणि मग उठायची. ताप असला तरी नेम चुकला नाही. भाषा शिकायची, ह्या नादांचे शब्द करायचे, शब्दांचा अर्थ लावायचा आणि तो काय म्हणत होता ते एकटीने, कुणाच्या मध्यस्थीशिवाय ऐकायचं, एवढ्यासाठी ती पंधरा दिवसांचं तिकीट काढून नणंदेकडे आली होती, ती आठ महिने राहिली. लिबेराताला विचारणं सोपं होतं. चार नाद तिच्यापुढे म्हटले असते तर तिने चुटकीसरशी सांगितलं असतं. पण मग हे नाद आले कुठून, हेही सांगावं लागलं असतं.

आणि झालं ते भलतंच. ऑक्टोबरात वर्गात 'दार' हा शब्द शिकवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेमाला बसली तर त्या गडगडत येणाऱ्या नादात दार उभं. तिला इतका आनंद झाला की ती तशीच उठून खिडकीशी गेली. तो दार म्हणत होता! दार उघड, दार लाव, काहीतरी. मग 'आई' आली, 'घर' आलं, 'उद्या' आलं. आनंद आठवडाभर टिकला असेल. मग तिच्या लक्षात यायला लागलं की वर्गात जो शब्द येतो तोच दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडी येतो. नोव्हेंबरात तो भाज्यांबद्दल बोलायला लागला. त्याचं शेवटचं बोलणं पाचव्या धड्यापर्यंतच्या शब्दांत मावायला लागलं. मूळ नाद कसा होता ते आठवायला जावं तर मध्ये शब्द आडवा यायचा, नीट, स्पष्ट, ओर्नेल्लाच्या उच्चारातला. त्यातून हिवाळ्यात तिला आणखी एक कळलं. लिबेराता तिच्याशी बोलते ती भाषा वेगळी, धुऊन इस्त्री केलेली. आणि एर्सिलियाशी जिन्यात बोलते ती वेगळी, शेवटची अक्षरं गिळून टाकणारी, कुठल्याही पुस्तकात नसलेली. दोनातो ती दुसरी बोलत असणार. म्हणजे ती इतके दिवस एका घराची किल्ली घेऊन भलत्याच घराच्या कुलपाशी झटापट करत होती. आज सकाळी नेमाला बसल्यावर तिला फक्त तिचाच आवाज ऐकू आला होता. तेव्हा तिने स्वतःला समजावलं, झोप नीट झाली नाही. आता कठडा धरून चढताना तिने ते पुन्हा करून पाहिलं. डोळे मिटले. काही नाही. वाक्यं होती, पण कुणीही कुणालाही म्हणावीत अशी.

घरी लिबेराता टेबलावर पीठ मळत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगाने लहानखुरी, जन्मभर शिवणकाम केलेली. बोलताना ओठांत टाचण्या धरल्यासारखी बोलायची.

"आलीस? मला वाटलं जेरार्दोने तुलाही कापून तोलून विकली. दाखव. हे काय, चीज जाड कापून दिलंय! काही बोलली नाहीस?"

"गर्दी होती."

"गर्दी होती म्हणे. तोंड उघडत जा गं बाई. शब्द काही पोटात ठेवून पिकत नाहीत, आंबे आहेत का ते?" खरं तर ती आंबे म्हणाली नाही, नासपती म्हणाली. "आज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आपल्या अंगणात आहे, विसरू नकोस. मरियेपुढे गुलाब ठेवायचे आहेत. आणि तू मागच्या रांगेत लपून बसू नकोस, लोक म्हणतात लिबेराने भावजयीला कोपऱ्यात टाकली."

ग्लेनिस तिच्या पिठाळ बोटांकडे बघत राहिली. आठ महिन्यांत ह्या बाईने तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू त्याला तिकडे का पुरलंस. दर रविवारी दोघी दफनभूमीत जायच्या. तिथे शवपेट्या भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात; आईबापांच्या कोनाड्यांशेजारी आणखी एक कोनाडा होता, त्यावर कोरा संगमरवर, नाव नाही, तसबीर नाही, दिवा नाही. लिबेराता आईचा दगड पुसायची, वडिलांचा पुसायची आणि मग तोही पुसायची. पहिल्यांदा ग्लेनिसने विचारलं होतं, हा कुणाचा? तर ती म्हणाली, "कुणाचा नाही. पण धूळ काय नाव वाचून बसते?" त्या दिवसापासून ग्लेनिसच्या छातीत एक प्रश्न बसला होता. मंगळवारी चार वेळा म्हटलेलं ते हेच असेल तर? मला घरी ने. आणि ती म्हणाली असेल, हो. हो, दोनातो.

दुपारी वर्गात टेलिफोनचा धडा निघाला. पालिकेच्या जुन्या शाळेतली खोली, बसायला मुलांचे बाक, गुडघे वर येणारे. तिच्या जोडीला हालिना होती, युक्रेनची, एका म्हाताऱ्या वकिलाची शुश्रूषा करणारी. एकीने फोन करायचा, दुसरीने उचलायचा. हालिनाने मूठ कानाला लावली आणि पुस्तकातलं वाचलं, "नमस्कार. श्री. बियांकी घरी आहेत का?" ग्लेनिसच्या वाट्याला खालची ओळ होती. माफ करा, ते झोपले आहेत. तिने ती पाहिली. मग खिडकीबाहेर पाहिलं. ओर्नेल्ला फिरत फिरत जवळ आली, "काय झालं ग्लेनिस? सोपं आहे की." हालिना मूठ कानाशी धरून वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा खराखुरा उत्सुक भाव होता, की पलीकडे कुणीतरी खरंच आहे. लिबेराताही तेव्हा अशीच मूठ आवळून बसली असेल. घरी स्वयंपाकघरात, त्या पिठाच्या टेबलाशी. "ते घरी आहेत," ग्लेनिस म्हणाली. "एक मिनिट हां. बोलावते." हालिना गोंधळली, पुस्तक चाळायला लागली. "असं इथे नाहीये," ती म्हणाली. ओर्नेल्ला मात्र खूश झाली, टाळ्या वाजवून वर्गाला म्हणाली, "बघा! स्वतःच्या मनाने बोलली!"

संध्याकाळी साडेसहाला बायका आपापल्या घरून खुर्च्या घेऊन आल्या. मे महिनाभर असंच, रोज एका अंगणात; खुर्ची आपली आणायची, आपली न्यायची, म्हणजे कुणावर भार नाही. ऊन अजून वरच्या गच्चीवर होतं, खाली दगडांना गारवा यायला लागला होता. मरियेच्या पुतळीपुढे गुलाब होते, एक वाकडा. ग्लेनिस लहानपणी वेगळ्या पंथाच्या देवळात गेलेली, तिथे माळ नसते, मरियेला हाक मारत नाहीत; पण इथे पहिलं इटालियन जे तिच्या तोंडात बसलं ते ह्याच प्रार्थनेचं. तिला एक किलो टोमॅटो धड मागता येत नव्हते तेव्हाही ही प्रार्थना येत होती, तीही अर्धी. कारण एकीने अर्धी म्हणायची आणि बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणायची, आणि ग्लेनिस कायम बाकीच्यांत. त्या एकत्र आवाजात तिची चूक बुडून जायची. वीस बायकांच्या गळ्यातून ते वाक्य निघायचं तेव्हा त्यातला एक धागा आपलाही आहे ह्याचं तिला किती सुख होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनव, आता आणि आमच्या मरणाच्या घडीला. पन्नास वेळा. आज पहिल्यांदा ते तिने म्हटलं नाही, तिला ते ऐकू आलं. मरणाच्या घडीला. शेजारी कुणीतरी बोलावं म्हणून केलेली विनवणी. आणि त्या घडीला एक बहीण हाक मारायला तयार बसली होती, रोज सात वाजता, आणि दार लावून घेणारी मी. देवापुढे माणूस एकट्याने उभं राहतं म्हणतात. पण त्याआधी ज्याचं घेतलंय त्याच्यापुढे उभं राहायला लागतं, आणि तिथे मागची रांग नसते.

माळ संपली. कॉफी झाली, बिस्किटं झाली. एर्सिलिया खुर्ची काखेत मारून निघताना तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, बहिऱ्याला सांगावं तसं, "छान - म्हणतेस - हां - प्रार्थना!" ग्लेनिस म्हणाली, "आभारी आहे. सकाळी दुकानातही तुमचं सगळं समजलं मला." एर्सिलियाची खुर्ची दाराच्या चौकटीला आपटली. ती काहीतरी पुटपुटत गेली. अंगणात लिबेराता हसत कप गोळा करत होती.

"काय म्हणाली ती भवानी सकाळी?"

"लिबेरा. बस."

"कप तरी—"

"बस."

तिच्या आवाजात काहीतरी असेल. लिबेराता बसली, मांडीवर तीन कप तसेच. ग्लेनिसने रात्र रात्र जागून मनात वाक्यं रचली होती, व्याकरणाने शुद्ध, धड्यांतली. त्यातलं एकही आलं नाही.

"दोनातो बोलला," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. अकरा दिवस बोलला. इंग्रजी नाही. तुमचं. इथलं. जिन्यातलं. मला नाही समजलं. मी म्हणाली हो, हो. तू फोन केला. मी म्हणाली झोपला. तो नव्हता झोपला. तो बोलत होता. मी फोन नाही दिला. नऊ वेळा."

लिबेराता तिच्याकडे बघत होती. वरच्या गच्चीवरून कुणीतरी कपडे काढत होतं, चिमट्यांचा टकटक आवाज येत होता.

"का?"

"कारण तू समजली असती."

मग लिबेराता उठली. कप आत नेले, नळ सोडला, एकेक कप विसळला, आपटला. परत आली, उरलेल्या दोन खुर्च्या उचलून आत नेल्या. पुतळीपुढचे गुलाब नीट केले, वाकडा होता तो काढून फेकला. पुन्हा आत गेली आणि ह्या वेळी दार लावून घेतलं. ग्लेनिस बसून राहिली. तिला उठून जायचं सुचलं नाही, जायला जागाही नव्हती. वर जायचा जिना त्याच दारातून होता. ती विचार करत होती की भाषा आठ महिन्यांत येते ती एवढ्याचसाठी येते, आणि नंतर तिचं काय करतात लोक. दार उघडलं. लिबेराता उंबऱ्यात उभी होती, आणि तिने डोळे धुतलेले दिसत होते.

"आवाज कसा होता त्याचा? मोठा?"

"आधी मोठा. मग लहान."

"माझं नाव घेतलं?"

"माहीत नाही."

"नाव माहीत नाही? लिबेरा म्हटलं की नाही, हे कळायला काय शाळेत जावं लागतं?"

"मी रोज आठवते. रोज, तीन वर्षं. आता सगळे शब्द ओर्नेल्लाचे झाले. कुठले त्याचे होते माहीत नाही. गेलं, लिबेरा. मी ठेवलं, आणि ठेवून ठेवून गेलं."

"म्हणजे मला दिलं नाहीस आणि तुलाही उरलं नाही."

"हो."

"गाढव," लिबेराता म्हणाली, पण कुणाला ते कळलं नाही. ती येऊन समोरच्या पायरीवर टेकली. "आणि हात? हाताने काय करत होता? आमच्या घरात कधी कोण शब्दांवर गेलंय? आई तर मौनाच्या दिवशीही सगळ्या गल्लीशी भांडून यायची."

हाताचा विचार ग्लेनिसने कधी केला नव्हता. म्हणजे केला होता, त्याचं तर भयच होतं तिला, म्हणून तो नेमात घेतला नव्हता. उजवा हात गेलेला. डावा चालायचा. "तो खायला मागत होता," ती म्हणाली. "असं. तोंडाकडे. रोज. डॉक्टर म्हणाले काही द्यायचं नाही, गिळता येत नाही, छातीत जाईल. मी फक्त ओठ ओले केले. तो मागत होता आणि मी हो, हो. उपाशी गेला, लिबेरा."

"कसं ते दाखव."

ग्लेनिसने डावा हात उचलला. बोटांची टोकं जुळवून तोंडाशी नेली, दोनदा, तीनदा.

"त्याच्या आधी काय? नुसतं असं कुणी सुरू करत नाही. हनुवटी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. हनुवटी अशी, माझ्याकडे. मग हात असा." तिने पालथा हात हवेत झटकला, अंगणातल्या कोंबडीला हाकलावं तसा. "मग तोंडाकडे."

लिबेराताने स्वतःचा हात सपाट करून कुशीवर आपटला, बरगड्यांखाली, दोन-तीन वेळा. "भूक ही अशी असते. पोटाला भूक लागते, तोंडाला नाही. चार दिवसांच्या पोराला विचार इथल्या. तुझं ते म्हणजे, जेव. जा, घरी जा, काहीतरी खा. तुला सांगत होता तो."

"मला?"

"मग काय त्या नर्सला? खाल्लं होतंस का काही तू?"

ग्लेनिसला आठवेना. चहा. एक सँडविच, कागदातच राहिलेलं. "अकरा दिवस?" ती म्हणाली.

"अकरा दिवस. जा म्हणतोय, जेव म्हणतोय, आणि बाई हो हो म्हणते आणि खुर्चीवरून हलत नाही! कसला चिडला असेल." ती हसायला लागली, आणि ते हसणं मध्येच मोडलं. एप्रनचं टोक तिने तोंडात धरलं. ग्लेनिसला वाटलं, हे खरं असेल, किंवा हे दानही असेल. ह्या बाईने आत दार लावून ठरवलं असेल की हिला काहीतरी द्यायचं. विचारता येण्याइतकी भाषा तिला आता येत होती. तिने विचारलं नाही.

"मी तुला माफ केलेलं नाही," लिबेराता म्हणाली. "ते वेगळं. ते मी बघेन माझं."

"हो."

"हो हो करू नकोस." ती पायरीवरून उठली, अंगणातलं शेवटचं ऊन गेलं होतं म्हणून असेल, ग्लेनिसच्या अगदी जवळ येऊन, गुडघे धरत खाली बसली. "पुन्हा कर."

ग्लेनिसने हात उचलला. हनुवटी. झटका. बोटं जुळवून तोंडाशी.

"घाई नको. आणि तुझं करू नकोस. त्याचं कर."

तिने पुन्हा केलं, सावकाश, आणि ह्या वेळी बाकीची बोटं जुळली तरी पहिलं बोट जुळेना. ते आपोआप ताठ, बाजूला राहिलं, तो धरायचा तसंच. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. आपल्या हाताला हे ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. लिबेराताच्या घशातून बारीक आवाज निघाला. दोनातो सात वर्षांचा असताना त्याचं ते बोट तिच्याच शिवणयंत्राच्या सुईखाली आलं होतं, चाक तिनेच फिरवलं होतं, ते परत कधी वाकलं नाही. तिने दोन्ही हातांनी ग्लेनिसचं मनगट धरलं, घट्ट नाही, पाखरू धरावं तसं.

"पुन्हा कर," ती म्हणाली.